ट्राउटसाठी अंड्याचा मणी: गळापासून किती अंतरावर आणि कशानं पक्का करायचा?

होटगीरोड:
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये आम्ही तिघे मित्र सोलापूरहून हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी जातोय. कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून रात्रीची बस धरून औट, पुढं बंजार आणि गुशैणी असा बेत आहे. गळ टाकायची आमची सगळी सवय उजनीच्या पाण्यावरची. चिलापी, रोहू, कधी मरळ. गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावायची आणि फ्लोटवर नजर ठेवून बसायचं. थंड, धावत्या पाण्यातलं काम वेगळं असणार हे उघड आहे.

व्हिडिओंमध्ये एक प्रकार सारखा दिसतो. माशाच्या अंड्यासारखा दिसणारा एकच मणी तंगुसात ओवतात, तो एका जागी पक्का करतात आणि गळ त्याच्या खाली मोकळा सोडतात. गळाला काहीच लावलेलं नसतं. मला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. मणी गळावरच का बसवत नाहीत? अंतर ठेवायचं तर किती? आणि मणी घसरू नये म्हणून काय करायचं? कुणी दात कोरायची काडी घालतं, कुणी रबर, कुणी नुसता वेढा देतं. शिवाय ऑनलाइन पाकिटं महाग पडतात. आपल्याकडे मधला मारुतीला कटलरीच्या दुकानांत मण्यांच्या राशी असतात, त्यातले चालतील का?

वडाळेकर:
लई भारी विषय काढलाव. मला एक सांगा, मासा दुसऱ्या माशाची अंडी खातो हे मान्य. पण नुसता प्लास्टिकचा मणी? त्याला ना वास ना चव. आमच्या भीमेतला शिंगाडा तर वासाशिवाय फिरकत पण नाही. ट्राउट एवढा भोळा असतो का ओ?

बियासकाठचा_बार्शीकर:
होटगीरोड, प्रश्न अगदी मुद्द्याचे आहेत. नोकरीमुळे माझी बरीच वर्षं कुल्लूकडे गेली आणि तिथल्या पाण्यावर हा मणी मी भरपूर वापरला आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी वडाळेकरांचं. ट्राउट भोळा नाही, पण तो नजरेनं खाणारा मासा आहे. धारेच्या कडेला, एखाद्या दगडाच्या आडोशाला तोंड प्रवाहाकडे करून तो उभा असतो आणि वरून वाहत येणाऱ्या गोष्टींतून निवड करतो. खायचं की सोडायचं हे क्षणात ठरवावं लागतं, कारण पाणी थांबत नाही. त्याला हात नाहीत, म्हणून शंका आली की वस्तू तोंडात घेऊन पाहतो आणि नको असेल तर लगेच थुंकतो. मण्याची सगळी करामत या ‘घेतलं आणि थुंकलं’मध्ये आहे. शिंगाडा मिशांनी आणि वासानं तळ चाचपतो, त्याची तऱ्हाच निराळी.

आता अंतर. ही पद्धत रुजली ती अलास्कात. तिथं साल्मन नदीत चढून अंडी घालतात, त्यातली काही खड्यांत न दबता वाहून जातात आणि त्यांच्या मागे रेनबो ट्राउट रांग लावून असतात. मणी गळाच्या दांडीवर बसवला तर दोन गोष्टी होतात. एक, गळाचं टोक आणि दांडी यांच्यातली फट मण्यानं भरते आणि गळ धड रुतत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. मासा मण्यासकट गळ आत ओढतो आणि तो घशाशी किंवा कल्ल्यांशी लागतो. तिथं लागलेला मासा सोडून दिला तरी त्याची जगण्याची शक्यता फार कमी होते.

मणी गळाच्या दोन बोटं वर असला तर मासा मणी तोंडात घेतो, गळ ओठाबाहेर लोंबत राहतो. त्यानं मणी थुंकला किंवा तुम्ही तंगूस ताणली की तंगूस तोंडातून सरकते आणि गळ जबड्याच्या कोपऱ्यात बाहेरून येऊन बसतो. चिमट्यानं काढायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.

पण हे अंतर वाढवत नेलं तर तोच गळ डोळ्यात, कल्ल्याच्या झाकणावर नाहीतर पोटाला लागतो. म्हणून अलास्कात नियमच आहे. मणी पक्का करायचा असेल तर तो गळापासून दोन इंचांच्या आत हवा, नाहीतर तंगुसावर मोकळा फिरता हवा. दोन इंच म्हणजे ५ सेंटीमीटर, ही शेवटची हद्द. आपल्याकडचे मासे त्या मानानं लहान. २५-३० सेंटीमीटरचा ब्राउन ट्राउट धरला तर मी अंतर अडीच ते तीन सेंटीमीटर ठेवतो, त्याच्या पुढे जात नाही. या एका गोष्टीत हयगय करू नका. बाकी रंग, काडी, रबर हे नंतरचं.

सीनाकाठ:
बार्शीकर, तुमच्याबद्दल आदर ठेवून विरोधात लिहितो. तुम्हीच म्हणता की गळ तोंडाबाहेर असतो आणि बाहेरून येऊन लागतो. मग मासा गळाला लागला कुठे? त्यानं आमिष घेतलं एकीकडे आणि तुम्ही त्याला अडकवलं दुसरीकडे. आपल्या नदीवर काही जण आमिष न लावता गळांचा झुपका पाण्यात ओढतात आणि मासा मिळेल तिथं ओरबाडून काढतात. त्याला आपण सगळेच नावं ठेवतो. मग याला वेगळं का मानायचं?

बियासकाठचा_बार्शीकर:
आक्षेप रास्त आहे, सीनाकाठ. हाच वाद परदेशातही होतो आणि म्हणूनच काही ठिकाणी फक्त फिरत्या मण्याला परवानगी असते. माझं म्हणणं असं. झुपका ओढणाऱ्याला मासा खातोय की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. मण्यात मासा स्वतः येऊन तोंड उघडतो. त्यानं तोंड उघडलं नाही तर काही घडत नाही. अंतर तीन सेंटीमीटरच्या आत असेल तर गळ तोंडाच्या कोपऱ्यातच लागतो. तुमच्या गळाला मासे सारखे कल्ल्याबाहेर किंवा पोटाला लागत असतील तर ती बांधणी चुकीची आहे आणि त्या दिवशी ती बदललीच पाहिजे. अंतर कमी करा, किंवा मणी मोकळा सोडा.

मोकळा मणी म्हणजे त्याला काहीच अडकवायचं नाही. पाण्याच्या रेट्यानं तो घसरत गळाच्या डोक्याशी येतो. बाहेरून लागायची भीती जवळजवळ संपते. तोटा एवढाच की अधूनमधून गळ खोल लागतो. त्यावर उपाय म्हणून गळाचा उलटा काटा चिमट्यानं दाबून सपाट करायचा. मी तर दोन्ही पद्धतींत तो दाबतोच.

सीनाकाठ:
पटलं, पण अर्धंच. पक्का मणी मी तरी वापरणार नाही, मोकळा वापरून बघेन. काटा दाबायचा मुद्दा मात्र सगळ्यांनी उचलावा, उजनीतसुद्धा.

मणीमाळ:
नमस्कार. मी मासे धरत नाही. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पटवेकऱ्याचं काम, मंगळसूत्रं आणि माळा ओवायचं. भावानं हा धागा दाखवला आणि मण्यांविषयी वाचून लिहावंसं वाटलं, कारण मणी कसा निवडायचा हे कुणीच सांगितलेलं नाही.

मधला मारुतीला मिळणाऱ्या मण्यांत तुमच्या कामाचे दोन प्रकार: काचेचे आणि ॲक्रिलिकचे. काचेचा दिसायला सुंदर, रंग आतून उजळतो. पण स्वस्त काचेच्या मण्याच्या भोकाची कड धारदार राहते. आमच्याकडे अशा मण्यांनी दोरा तुटतो म्हणून आम्ही ते बाजूला काढतो. तुमची तंगूस तर दोऱ्याहून बारीक. पारखायची रीत सोपी आहे. साधा सुती दोरा भोकातून चार-पाच वेळा मागं-पुढं ओढा. दोऱ्याचे तंतू सुटले तर तो मणी घेऊ नका. ॲक्रिलिकच्या मण्यावर साच्याची बारीक रेघ असते आणि कधी भोकाच्या तोंडाशी प्लास्टिकची कुसळ राहते. जाड सुई भोकात घालून गोल फिरवली की ती निघून जाते.

दुसरं, भोक मध्यावर आहे का ते बघा. मणी सुईवर घेऊन फिरवा. डगमगत फिरला तर भोक कडेला गेलंय. पाण्यातही तो तसाच वेडावाकडा फिरेल ना?

बियासकाठचा_बार्शीकर:
ताई, फार मोलाचं लिहिलंत. सुती दोऱ्याची पारख मी आता कायमची वापरणार. आणि हो, भोक कडेला असलं तर मणी गरगरतो, तंगुसाला पीळ बसतो आणि मासा लगेच ओळखतो.

काच की ॲक्रिलिक यावर माझं मत ॲक्रिलिककडे झुकतं. खरं अंडं पाण्यापेक्षा किंचितच जड असतं. ते तळाशी जातं, पण धार त्याला सहज लोळवत नेते. ॲक्रिलिकही पाण्यापेक्षा थोडंसंच जड, घनता सुमारे १.२. काच अडीचच्या घरात, म्हणजे ती धोंड्यासारखी खाली बसते आणि प्रवाहाबरोबर नैसर्गिक वाहत नाही. वेगाच्या, खोल पाण्यात काच चालते. तीर्थनच्या मार्चमधल्या पाण्याला ॲक्रिलिक पुरे.

आकाराबद्दल बोलायलाच हवं. बाहेरून येणारी पाकिटं बहुतेक ८ आणि १० मिलिमीटरची असतात, कारण ती साल्मनच्या अंड्यांच्या मापानं बनवलेली असतात. हिमाचलात साल्मन नाही. आपल्याकडच्या ब्राउन ट्राउटचं अंडं साधारण ४ ते ५ मिलिमीटर, रेनबोचंही तेवढंच. म्हणून ६ मिलिमीटरचा मणी घ्या. पाणी गढूळ असेल तर ८. दहाचा मणी तीर्थनच्या नितळ पाण्यात मला पटत नाही.

होटगीरोड:
मणीमाळताई, आभार. ६ मिलिमीटरचे ॲक्रिलिक मणी मग इथेच घेतो. रंग कोणता? दुकानात नारिंगीच्याच किती तरी छटा आहेत.

मणीमाळ:
रंगाचं माशांच्या अंगानं बार्शीकरच सांगतील. मी एवढंच सांगते की दुकानातला चकचकीत मणी तुम्हाला अंड्यासारखा दिसणार नाही, कारण त्याचा रंग सगळीकडे सारखा असतो आणि वर झगझगीत चमक असते. चमक मारायची असेल तर नेलपॉलिश वापरा. मणी काडीवर टोचून मोतिया किंवा मॅट नेलपॉलिशचा पातळ हात द्या, रात्रभर वाळू द्या, मग दुसरा पातळ हात. जाड थर एकदम दिला तर ओघळ येतो आणि भोक बुजतं. वाळताना काडी एकदा फिरवायला विसरू नका, नाहीतर मणी तिथंच चिकटतो.

बियासकाठचा_बार्शीकर:
नेलपॉलिशची युक्ती अलास्कातले जाणकारही वापरतात, ताई. चमक मरते आणि आतला रंग धुकट, दुधाळ दिसतो. ताजं अंडं पारदर्शक असतं, फिकट पिवळ्यापासून नारिंगीपर्यंत. मेलेलं अंडं अपारदर्शक आणि पांढरट होतं. नदीत वाहून येणाऱ्या अंड्यांत मेलेली पुष्कळ, कारण खड्यांबाहेर पडलेलं अंडं फार टिकत नाही. म्हणून डबीत तीन रंग ठेवा: पारदर्शक फिकट नारिंगी, पीच आणि दुधाळ पांढरट. पीचला मी सगळ्यात जास्त मानतो. भडक लाल आणि गुलाबी फक्त गढूळ पाण्यासाठी.

एकरूखकर:
एक शंका. हिमाचलात ट्राउटची अंडी घालायची वेळ थंडीची ना? मग तेव्हाच मासेमारी बंद असते. मार्चमध्ये अंडी कुठली आणि मण्याला मासा का येईल?

बियासकाठचा_बार्शीकर:
हा प्रश्न कुणीतरी विचारावा अशी वाट बघत होतो.

हिमाचलातल्या ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते. कारण तुम्ही म्हणता तेच, ब्राउन ट्राउटची विण या थंडीत होते. म्हणजे मणी सर्वांत जास्त चालेल त्याच काळात तो टाकायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. परदेशात काही जण विणीच्या खड्ड्यांवर उभं राहून मणी टाकतात. ते मला अजिबात मान्य नाही. आपल्याकडे कायद्यानं तो प्रश्नच मिटवला आहे.

मार्चमध्ये तीन कारणांनी मणी चालतो. रेनबोची विण ब्राउनपेक्षा उशिरा, हिवाळ्याच्या अखेरीस आणि पुढंही होते, त्यामुळे थोडीफार अंडी वाहत असतात. दुसरं, पाणी थंड असतं, मासा खोल जागी सुस्त उभा असतो आणि तळाजवळून हळू जाणारी गोष्ट त्याला घ्यायला सोपी पडते. तिसरं, दिसायला ठळक असल्यामुळे तो तपासायला म्हणून तोंड उघडतो. तरीही खरं सांगतो, मार्चमध्ये ट्राउटचं मुख्य खाणं म्हणजे दगडांखालचे किडे. म्हणून निम्फ माश्या, म्हणजे त्या किड्यांसारखी दिसणारी बनावट आमिषं, बरोबर न्याच. नुसत्या मण्यावर अवलंबून राहू नका.

आणि याच्याशी जोडलेली गोष्ट फार महत्त्वाची आहे. ब्राउन ट्राउटचं अंडं उबायला पाणी किती थंड आहे त्यावर वेळ लागतो. १० अंशाला सुमारे सहा आठवडे, ५ अंशाला जवळजवळ तीन महिने. त्यानंतरही पिल्लू पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी घेऊन काही आठवडे खड्यांतच दडून असतं. म्हणजे डिसेंबरमध्ये घातलेली अंडी मार्चमध्ये तुमच्या पायाखाली असू शकतात. उथळ, वाहत्या पाण्यात आजूबाजूच्या शेवाळलेल्या दगडांपेक्षा उजळ, साफ झालेल्या बारीक खड्यांचा लांबट पट्टा दिसला तर त्यात पाय घालू नका. काठानं जा. मोठे दगड असतील तिथून ओलांडा.

एकरूखकर:
हे माहीत नव्हतं. आपल्याकडे पावसाळ्यात रोहू-कटला पुराच्या पाण्यात अंडी सोडतात, ती पाण्याबरोबर जातात. खड्यांत पुरून ठेवायची पद्धत म्हणजे सगळंच निराळं.

वडाळेकर:
मग माझा प्रश्न. आपल्या चिलापीला हा मणी चालंल का? उजनीत ती ढिगानं हाय.

बियासकाठचा_बार्शीकर:
चिलापीची मादी अंडी तोंडातच सांभाळते, वडाळेकर. पिल्लं बाहेर पडून सुटी होईपर्यंत ती तिच्या तोंडात असतात. म्हणजे वाहत आलेलं अंडं हे तिथलं नेहमीचं खाणंच नाही. कुतूहलानं एखादी घेईलही, पण कणकेची गोळी सोडून मण्याच्या मागं लागायचं कारण मला दिसत नाही. मणी हा वाहत्या पाण्याचा आणि नजरेनं खाणाऱ्या माशाचा प्रकार आहे. धरणाच्या स्थिर पाण्यात त्याचा जीवच जातो.

होटगीरोड:
आता बांधणीचं सांगा ना काका. काडी की रबर?

बियासकाठचा_बार्शीकर:
सांगतो. तंगूस फ्लुरोकार्बनची, जाडी ०.१८ मिलिमीटरच्या आसपास. गळ आखूड दांडीचा, १० किंवा १२ नंबर (नंबर मोठा तसा गळ लहान, हे दुकानात लक्षात ठेवा). आधी मणी ओवा, मग गळ क्लिंच गाठीनं (टोक तंगुसाभोवतीच गुंडाळून घालायची गाठ) बांधा. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीनं ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणानं तंगूस तिथंच कमजोर होते.

काडीची पद्धत: दात कोरायची गोल काडी घ्या, चपटी नको. मणी ओल्या तंगुसावरून हव्या त्या जागी सरकवा, काडीचं टोक भोकात हलकेच रुतवा, मोडा, आणि जे बाहेर राहील ते नेलकटरनं मण्याला समतल कापा. लाकूड पाण्यात फुगतं आणि पकड आणखी घट्ट होते. फायदा म्हणजे काडी कुठेही मिळते. तोटा म्हणजे जोर लावून दाबली तर तंगूस चेमटते, आणि ती नेमकी तिथंच तुटते. दाबायची ताकद बोटाच्या टोकाची, अंगठ्याची नाही.

रबराची पद्धत: बारीक सिलिकॉनची दोरी भोकातून ओढून दोन्ही बाजूंनी कापायची. तंगुसाला इजा होत नाही आणि मणी ओला करून हवा तेव्हा सरकवता येतो. नवख्या माणसानं यानंच सुरुवात करावी असं माझं मत.

वेढ्याची पद्धत: तंगूस मण्यातून एकाच दिशेनं दोनदा-तीनदा घालायची, म्हणजे मण्याच्या अंगावर वेढे पडतात आणि घर्षणानं तो जागेवर राहतो. वेगळं काही लागत नाही. पण मणी सरकवताना तंगूस ओली नसेल तर तिला कुरळेपणा येतो आणि नितळ पाण्यात तो लगेच दिसतो. सहा मिलिमीटरच्या मण्याचं भोक बारीक असेल तर तीन वेढे बसतही नाहीत.

मऊ मणीही मिळतात, जेलीसारखे. ते दाताला खऱ्या अंड्यासारखे लागतात म्हणून मासा जरा जास्त वेळ तोंडात ठेवतो. त्यांना काडी घालू नका, फाटतात. वर एक रबरी स्टॉपर सरकवला की पुरे.

मणीमाळ:
भोक बारीक असेल तर सुईला वाळूचा कागद गुंडाळून ते वाढवता येतं, ॲक्रिलिकमध्ये सहज. मात्र दोन्ही बाजूंनी थोडं थोडं करा. एकाच बाजूनं केलं तर भोक गावदुम होतं आणि काडी एकीकडून सैल बसते.

होटगीरोड:
वजन आणि फ्लोट कुठं लावायचे?

बियासकाठचा_बार्शीकर:
वजन मण्याच्या वर ३० ते ४५ सेंटीमीटरवर. फ्लोट त्याच्या वर, पाण्याच्या खोलीच्या साधारण दीडपट अंतरावर, कारण प्रवाहात तंगूस तिरकी राहते. वजन इतकंच हवं की अधूनमधून तळाला टिचकी लागावी. एकदाही लागत नसेल तर आणखी एक बारीक गोळी लावा, सारखी अडकत असेल तर एक काढा. बहुतेक जण मण्याचे रंग बदलत बसतात आणि वजनाला हात लावत नाहीत. माझ्या अनुभवात निकाल बदलतो तो वजनानं.

तळाचं पाणी वरच्यापेक्षा हळू चालतं. म्हणून तुमचा फ्लोट बाजूच्या फेसाच्या बुडबुड्यांपेक्षा किंचित हळू चालला पाहिजे. फेसाच्या पुढं धावत असेल तर मणी ओढला जातोय असं समजा. तंगुसाचा मधला सैल झोळ प्रवाहात अडकला की काठीच्या टोकानं उचलून वरच्या बाजूला टाकायचा, फ्लोट न हलवता.

फ्लोट थबकला, बुडाला, कडेला झुकला, काहीही वेगळं दिसलं की काठी बाजूला आणि प्रवाहाच्या खालच्या दिशेनं उचला. वर हिसका नको. खालच्या दिशेनं ओढलं की गळ कोपऱ्यात येतो. वर ओढलं तर मणी तोंडातून निसटतो आणि गळ कुठंतरी भलतीकडे लागतो.

भिगवणवाली:
शिशाच्या गोळ्या वापरू नका ही माझी हात जोडून विनंती. उजनीच्या फुगवट्यावर मी वर्षानुवर्षं पक्षी बघते. रोहित (फ्लेमिंगो) आणि बदकं चिखल चाळून खातात. बदकं दाणा दळायला बारीक खडे गिळतात आणि त्यात शिशाची गोळी गेली तर विषबाधा होऊन मरतात. कथिलाच्या किंवा टंगस्टनच्या गोळ्या मिळतात. तीर्थन असो की भीमा, हरवलेली गोळी पाण्यातच राहते.

बियासकाठचा_बार्शीकर:
पूर्ण पाठिंबा. कथिलाची गोळी शिशापेक्षा हलकी, म्हणून एक नंबर मोठी घ्यावी लागते, एवढंच. टंगस्टन महाग पण शिशाहून जड, त्यामुळे लहान गोळीत काम होतं.

वडाळेकर:
होटगीरोड, सरावाला या की इकडं. उजनीतनं सोलापूरला प्यायला पाणी सोडलं की टाकळीपाशी भीमा चांगली वाहत असते. गळ न बांधता नुसता फ्लोट, गोळी आणि मणी टाकून वाहू देऊन बघा. पण पात्रात उतरू नका, सोडलेलं पाणी कधी वाढंल सांगता येत नाही. काठावरनंच.

होटगीरोड:
गळाविना सराव, हे फार चांगलं सुचवलंत. पुढच्या आवर्तनाला नक्की येतो. काका, परवान्याचं काय करावं लागतं?

बियासकाठचा_बार्शीकर:
हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना लागतो, ट्राउटच्या पाण्यासाठी. तो दिवसाप्रमाणे मिळतो. घेतानाच विचारा की त्या पट्ट्यात कोणती आमिषं आणि किती गळ चालतात, आणि कोणत्या मापाच्या आतला मासा परत सोडायचा. मणी दाखवून स्पष्ट विचारा. नाही म्हणाले तर निम्फ वापरा, वाद घालू नका. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प होऊ दिलेले नाहीत, ती मोकळी वाहते आणि वरचा भाग ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात येतो. तिथं मासे आहेत ते याच जपणुकीमुळे.

मासा हातात घेण्यापूर्वी हात ओले करा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथं बुरशी धरते. गळ काढेपर्यंत मासा जाळीत, पाण्यातच ठेवा.

सीनाकाठ:
एक विचारायचं राहिलं. मोकळा मणी असेल तर मासा लागल्यावर तो तंगुसावर वर सरकतो ना? त्यानं काही बिघडतं का?

बियासकाठचा_बार्शीकर:
बिघडत नाही, उलट बरंच. मणी वर गेला की माशाला दाबायला काही उरत नाही आणि गळ फिरत नाही. पक्क्या मण्याचं मात्र बघावं लागतं. मोठा मासा ओढत असताना मणी गळाकडे किंवा वरच्या बाजूला सरकतो आणि पुढच्या वेळी अंतर वेगळंच झालेलं असतं. म्हणून प्रत्येक मासा सोडल्यावर आणि प्रत्येक वेळी तळाला अडकून सुटल्यावर दोन गोष्टी करा. बोटानं अंतर मोजा, आणि मण्याच्या दोन्ही बाजूंची चार बोटं तंगूस नखावरून ओढून बघा. खरखर लागली की तेवढी कापून गळ नव्यानं बांधा. त्यासाठी पुढची तंगूस पहिल्यापासूनच हातभर जास्त ठेवा.